आक्कांची द्राक्षं

मोरीत रक्त बघून मी भिंत धरली. आणि रक्तात ते — पाण्यानं भरलेले, पांढुरके, झुबक्यानं आलेले मणी. द्राक्षांसारखे. चौथा महिना होता माझा. सासू धावत आली, वाकून बघितलं. "काय खाल्लंस गं?" आणि मी म्हणाले — थांबा, हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, नीट सांगू द्या.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांना लेकरू नाही. माझे डोहाळे त्यांनीच पुरवले. नामपल्लीच्या बाजारातून काळी द्राक्षं आणायच्या, धुऊन माझ्या तोंडात घालायच्या. "फक्त मला मोठी आई म्हणायला शिकव हं त्याला."

मी म्हणाले, "आक्कांची द्राक्षं."

घाबरले होते. कोणाच्या तरी माथी मारायचं होतं. त्या दिवसापासून सासूनं आक्कांच्या हातचं माझ्या ताटात येऊ दिलं नाही.

नारायणगुड्यात नवीनच स्कॅनिंगवाला दवाखाना निघालेला. तिथं पिशवी साफ केली. डॉक्टरीणबाई तेलुगू. मी सातवी शिकलेली — तरी त्यांनी दोन्ही हात पुढं करून समजावलं. बाळाला अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. पण काही गुणांवर खूण असते, हा आईचा, हा बापाचा. बापाकडचे गुण बाळाला पोसणारी वार वाढवायला जोर लावतात, आईकडचे आवर घालतात. तुझ्या बीजातलं तुझं सगळं नाहीसं झालेलं, बापाचंच दुप्पट. आवरायला कोणी नाही, म्हणून नुसती वारच फुगत गेली. बाळ झालंच नाही.

"खाने से नै होता अम्मा. किसी की गलती नै."

माझ्या आत, मला न विचारता, एवढी खेचाखेच चालते? मोहरीहून बारीक जागेत आई वेगळी, बाप वेगळा ओळखू येतो? बुद्धविहारात वंदनेला बसतानासुद्धा मला एवढं नवल कधी वाटलं नव्हतं.

घरी एवढंच सांगायचं होतं, की द्राक्षांनी काही झालेलं नाही. एका वाक्याचं काम. मी सांगितलं नाही.

पुढं पोरगी झाली, तेव्हा मी वार बघायला मागितली. नर्स हसली. ताटलीएवढी, जांभळी, वर शिरांचं झाड काढल्यासारखं. या वेळी माझ्याकडचं आणि बापाकडचं जमलं होतं. माझी नजर हलेना.

पाळण्याच्या दिवशी आक्का झबलं शिवून आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "मी नाही घेत तिला. लांबूनच बघते." आपल्याच हातानं ते झालं, हे त्यांनाही आता खरंच वाटत होतं.

तुम्ही असतात तर बोलला असतात का, असं विचारणार होते. नाही विचारत. डॉक्टरीणबाईंचं सगळं मला पाठ होतं. मी पाळण्याची दोरी ओढत राहिले.