घाण्यात ओतलेलं पाणी

माझ्या नोकरीतली पहिली अटक मी एका माणसाला तांब्याभर पाणी ओतल्याबद्दल केली. नातवंडं विचारतात, "आजी, तू दरोडेखोर पकडलेस का?" पकडले, पण नंतर. आधी हा तांब्या. इतकी वर्षं झाली, तरी आठवला की कान गरम होतात.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या पेठेत वाढलेली मी, नवी कोरी फौजदार, मुळशी तालुक्यातल्या ठाण्यात हजर झाले होते. कमरेचा पट्टा इतका आवळायची की श्वास घेताना विचार करावा लागे. तेल डब्यातून येतं, एवढीच माझी तेलाची माहिती.

त्या हिवाळ्यात एका गावात जावळाचं जेवण झालं आणि निम्मी पंगत उलट्या करत दवाखान्यात पोहोचली. जीव वाचले सगळ्यांचे. यजमानाने जबाबात सांगितलं, तेल घाण्याचं होतं. शिल्लक तेल आम्ही बाटलीत भरून मुद्देमालात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी बाजारातला एक किराणा दुकानदार खबर घेऊन आला. शहरातून नुकताच आलेला, डब्यातलं तेल विकणारा. "मॅडम, घाणेवाला भेसळ करतो. अचानक जा, डोळ्यांनी बघाल."

गेले. साध्या साडीत, झाडाआडून. मोठ्या लाकडी उखळात लाट, म्हणजे बी चिरडणारा जाड लाकडी दांडा, फिरत होती, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल चालत होता आणि घाणेवाल्याने सरळ तांब्या उचलून उखळात पाणी ओतलं! मी झेपच घेतली. बरोबरचे म्हातारे हवालदार म्हणाले, "मॅडम, पाणी तर..." मी त्यांना गप्प केलं. पंच बोलावले, पंचनामा लिहिला, तेलाची एक बाटली जप्त केली, घाण्याला लाखेची मोहोर लावली आणि घाणेवाल्याला ठाण्यात आणलं. वळणदार अक्षरातला तो पंचनामा म्हणजे मूर्खपणाचा उत्तम नमुना होता.

चौकशीत घाणेवाल्याने मला फार त्रास दिला नाही.

"पाणी घातलंस?"

"व्हय, घातलं."

"कबूल?"

"कबूल की. रोजच घालतो."

मी ते ठळक अक्षरात लिहिलं. त्याला एकच काळजी. "बाई, बैलाचं झापड काडलं का कुनी? त्याला अजून वाटत आसंल, घाना चालूच हाय."

सकाळी त्याची बायको ठाण्यात आली. सगळे तिला काकी म्हणत. रडली नाही, पाया पडली नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कारळ्याच्या काळ्या बियांची टोपली ठेवून म्हणाली, "फौजदारीणबाई, पान्याबिगर तेल सुटतंय व्हय? चला, तुमी सवता घाना हाका. बिनपान्याचा."

तिनेच मला सांगितलं, काय पणाला लागलं होतं ते. खोऱ्यात एके काळी गावागणिक घाणा होता. धरणाच्या पाण्यात गावं गेली तेव्हा तिच्या आजेसासऱ्याने घराची दारं-खिडक्या सोडल्या आणि घाण्याचं उखळ गाडीत घातलं. पुढे इंजिनाच्या गिरण्या आल्या, मग डबे आले आणि घाणे एकेक करून चुलीत गेले. उरला होता हा एक. "कारळं आत्ताच निगालीत. आठ दिस घाना बंद ऱ्हायला तर मानसं डबा घेतील. डब्याची सवय लागली, की परत हितं कोन येतंय?"

पंचांसमोर मोहोर काढली. मी बैलामागे चालले, पट्टा आवळून. तासभर नुसता काळा भुगा. तेलाचा थेंब नाही. बघायला जमलेली गर्दी तोंडाला पदर लावून उभी. मग काकीने हातावर पाणी घेऊन भुग्यावर शिंपडलं, थोड्या वेळाने पुन्हा शिंपडलं. पेंड उखळाच्या भिंतीला चिकटू लागली आणि मधोमध तेल डोळे उघडल्यासारखं वर आलं. हवालदार आकाशाकडे बघत होते.

"तेलात पानी ऱ्हायलं आसतं," काकी म्हणाली, "तर तुमच्या आदी कडईनंच वरडून सांगितलं आसतं." मग तिने जेवणाचं तेल बघायला मागितलं. मुद्देमालातली बाटली आणली. शेजारी घाण्यावरून जप्त केलेली ठेवली. घाण्याच्या तेलाखाली बोटभर गाळ बसला होता. जेवणाचं तेल तीन दिवसांनंतरही काचेसारखं. काकी हसली. "घान्याच्या तेलाला गाळ बसतोच. ह्ये आमचं लेकरू न्हाई."

मग यजमानाला नीट विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं. तो घाण्यावर गेलाच नव्हता. कारळे दुकानदाराकडे दिले होते, "मी गाळून आणतो" म्हणाला म्हणून. आणि काकीच्या घाण्याचा तर नियम, ज्याचं बी त्याने तेल निघेपर्यंत तिथे बसायचं. दुसऱ्याच्या हाती तेल द्यायचं नाही.

दुकानदाराला बोलावलं. चहा दिला. "तुम्ही स्वतः बसला होतात ना घाण्यापाशी?"

"दोन तास, मॅडम."

"मग पाणी कधी घातलं त्याने?"

"तेल भांड्यात काढलं, त्यानंतर घातलं. माझ्या डोळ्यांसमोर."

मी लेखणी खाली ठेवली. घाण्यापाशी एकदाही न बसलेला माणूस कसा बोलतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. कालपर्यंत मीच तशी बोलत होते. झडतीत त्याच्या दुकानामागे यंत्राला घालायच्या पांढऱ्या तेलाचं पिंप सापडलं. तेच तो डब्यातल्या तेलात मिसळत होता आणि तेच तेल त्याने यजमानाला घाण्याचं म्हणून दिलं होतं. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच निघालं.

घाणेवाल्याला सोडलं. पण घाण्यावर लोक फिरकेनात. पोलिसांची लाख लागलेला घाणा! ती लाख माझी होती. म्हणून बाजारच्या दिवशी मी कारळे विकत घेतले आणि भर दुपारी पूर्ण गणवेशात घाण्यापाशी जाऊन बसले. येणारे-जाणारे थबकले. कुणी विचारलं, "फौजदारीणबाई हितं कशाला?" घाणेवाला म्हणाला, "तेलाला." संध्याकाळपर्यंत माझ्यामागे चार टोपल्या लागल्या होत्या.

नंतर नोकरीत खूप शिकले, कलमं, युक्त्या, साहेबांचे स्वभाव. पण तपास कसा करायचा, ते मला सही करता न येणाऱ्या त्या बाईने शिकवलं. त्या दुपारी अर्ध्या तासातच मला घाई झाली. लोकांनी बघितलं, काम झालं, असं वाटून मी टोपी घातली आणि उठले. काकीने बैल थांबवला.

"बसा खाली. तेल निगूस्तवर हितनं उठायचं न्हाई, फौजदार आसला तरी."