समुद्राकडची खिडकी

कोणत्याही वस्तूविषयी बोलण्यापूर्वी तो उजव्या हाताची तर्जनी पुढे करी, त्या वस्तूवर हलकेच टेकवी आणि मग म्हणे, "गेत ब्यें, पंडितजी." नीट बघा, एवढाच त्या क्रेओल शब्दांचा अर्थ. देवळातली समई असो, बिघडलेला रेडिओ असो की माझ्या पंचांगाचे पान असो, बोटाने विचारल्यावाचून वस्तू आपल्याशी बोलत नाही अशी त्याची श्रद्धा होती. वाचकहो, माणसे न्याहाळण्याची सवय तुम्हालाही असेल, तर ते बोट लक्षात असू द्या.

मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावर सुरिनाम नावाचे आमचे गाव. तिथे देवळामागच्या गल्लीत त्याचे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते. त्याने लग्न केले नाही. दुकानाला लागून असलेल्या घरात थोरल्या भावाची बायको आणि पुतणी राहत. त्यांचा सांभाळ हाच त्याचा संसार. थोरला भाऊ सत्तरच्या दशकात एका सकाळी होडी घेऊन समुद्रातल्या खडकांच्या बांधापलीकडे मासे धरायला गेला. होडी परत मिळाली, माणूस मिळाला नाही. वहिनीने कुंकू पुसले नाही. रोज संध्याकाळी ती नवऱ्याचे ताट वाढून झाकून ठेवी आणि सकाळी ते अन्न गायीला घाली. ह्याविषयी त्या घरात कोणी बोलत नसे. फक्त वारा दक्षिणेकडून आला की तो हातातले काम थांबवून कान देई.

पुढे ऐंशीचे दशक अर्धे सरल्यावर, इंग्लंडात परिचारिका असलेल्या त्याच्या बहिणीने एक कॉम्प्युटर पाठवला. त्याबरोबर एक खेळ आला होता. देवळातला मराठीचा वर्ग आटोपून मी दुपारी त्याच्या दुकानात टेकत असे, तेव्हा त्याने तो मला दाखवला. काळ्यापांढऱ्या पडद्यावर समुद्राच्या कड्यावरचे एक निर्जन घर. घराचा धनी नाहीसा झालेला; खेळणाऱ्याने खोल्याखोल्यांतून हिंडून त्याचा शोध घ्यायचा. त्यात धावपळ नव्हती, मारामारी नव्हती. हाताखालचा माउस सरकवला की पडद्यावर एक बारीक बाण सरके, आणि ज्या वस्तूवर तो टेकवून बटण दाबावे ती वस्तू आपले काय ते सांगे. कपाट उघडे. बंद घड्याळाच्या पोटात किल्ली सापडे. पेल्याच्या तळाशी काहीतरी चमके. मला वाटले, त्याचे बोटच काचेपलीकडे गेले आहे.

मी थोडेसे न्यायशास्त्र शिकलेला माणूस. धूर दिसला की अग्नी आहे असे समजावे, हा आमचा पहिला पाठ. त्या घरात जिथे पाहावे तिथे धूर होता. जिन्यावरच्या धुळीत एकच पायरी स्वच्छ आहे हे मी त्याला दाखवले, तेव्हा ती पायरी झाकणासारखी उचलली गेली. मला झालेला आनंद माझ्या वयाला शोभणारा नव्हता. पण त्या खेळाची ओढ कशात होती हे मला तेव्हा उमगले. तिथे एकही वस्तू उगाच ठेवलेली नव्हती. कोणीतरी आधी बसून, शोधणाऱ्याची वाट पाहत, प्रत्येक वस्तू जागच्या जागी मांडली होती. हे जगही असेच मांडलेले आहे असे मी मानतो. फक्त इथला बाण आपल्या हाती दिलेला नाही.

चुकीचे दार उघडले की त्या घरातली जमीन खचे आणि पडदा काळा होई. म्हणून प्रत्येक दारापाशी तो खेळ जिथल्या तिथे जपून ठेवण्याची काही खूण करी. "अगोदर जपून ठेवायचं, मंग दार उघडायचं," तो म्हणे. "हितं मेला तरी मानूस त्याच जागी परत उटतो, पंडितजी."

वरच्या मजल्यावर समुद्राकडे एक खिडकी होती. ती कधी उघडली नाही. तिच्यावर बाण टेकवला की खाली इंग्रजीत एकच ओळ उमटे. त्याने ती मला मराठीत सांगितली होती: बाहेर कोणीतरी आहे. कोण, असे मी विचारले. "त्ये सांगत न्हाय," तो म्हणाला. रोज दुकान बंद करण्याआधी तो एकदा त्या खिडकीपाशी जाऊन येई. ती ओळ उमटली की त्याचा चेहरा शांत होई, आणि माझ्या अंगावर मात्र काटा येई.

त्याच सुमारास पुतणीचे लग्न प्लेन मान्येन गावच्या एका घरात ठरले. लग्नाआधी नांदीश्राद्धात पितरांना बोलवावे लागते. मुलीचा बाप जिवंत म्हणायचा की पितरांत घ्यायचा, हे ठरल्यावाचून मला संकल्प सोडता येईना, आणि मुलाकडचेही तेच विचारत होते. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असे शास्त्र आहे. बारा वर्षे भरली होती. अग्नी देणार धाकटा भाऊ. मी हे सारे त्याला दुकानात बसून समजावले. त्याने ऐकून घेतले आणि पडद्याकडे बोट केले.

"ती खिडकी अजून उघडली न्हाय, पंडितजी."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले. "भावजी, तुमचा डबा समदं सांगतो नव्हं? मंग मी कपाळाला काय लावू, त्ये बी त्यालाच इचारा."

ती आत गेली. मग पुतळ्याला काय काय लागते ते त्याने मला विचारले.

मी सांगत गेलो. अंग दर्भाचे. मस्तकाच्या जागी नारळ, मुखाच्या जागी भोपळा. दातांच्या जागी डाळिंबाचे दाणे, डोळ्यांच्या जागी कवड्या. ऐकताना त्याचे डोळे मला वेगळे दिसू लागले. "ह्यो तर माझाच खेळ," तो हळूच म्हणाला. त्या आठवड्यात त्याने एकेक वस्तू गोळा केली. बाजारात तो प्रत्येक भोपळ्यावर बोट टेकवत होता, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काय डॉक्टर, भोपळ्याची नाडी बगताय?" तो हसला. त्याला हसताना मी पाहिले ते तेवढेच.

कवड्या माझ्यापाशी होत्या, भारतातून आलेल्या, पूजेच्या पुडीतल्या. त्या चालतील असे मी सांगितले. त्याने त्या तळहातावर घेतल्या, बोट टेकवले आणि परत केल्या. "ह्यांनी आपला समिंदर कदी बगितला न्हाय. दादाला वाट दिसायला पायजे."

विधीच्या दिवशी सकाळी ओहोटी होती. कवड्या घेऊन लगेच येतो असे सांगून तो खाली किनाऱ्यावर गेला. आम्ही अंगणात आंब्याखाली पुतळा बांधत बसलो. नारळ बसवला, भोपळा बसवला, डाळिंबाचे दाणे ओळीने लावले. डोळ्यांची जागा रिकामी ठेवली. ऊन चढले, मग कलले. वारा दक्षिणेकडून येऊ लागला. पुतळा वर तोंड करून पडला होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते.

भरतीबरोबर कोळी परतले. बांधाजवळच्या खडकावर त्यांना त्याच्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या मिळाल्या होत्या. बाजूला पत्र्याचा डबा होता. त्यात एकच कवडी होती.

अग्नी देणारा उरला नव्हता. मी पुतळ्याची गाठ सोडली, दर्भ मोकळा केला. पुतणी आंब्याच्या बुंध्याशी बसून होती. तिच्या लग्नाचे नाव त्या दिवशी कोणी काढले नाही, आणि पुढेही फार काळ काढले नाही.

सायंकाळी वहिनीने मला दुकानात बोलावले. कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर वरच्या मजल्याची ती खोली होती, बाण खिडकीवर होता आणि खाली ओळ उमटलेली होती.

"काय लिवलंय, पंडितजी?"

"बाहेर कोणीतरी आहे," मी म्हणालो.

ती आत गेली आणि दोन ताटे वाढून, झाकून, ओट्यावर ठेवून आली. निघण्यापूर्वी त्याने खेळ जपून ठेवला होता की नाही, हे आम्हा कोणाला कळत नव्हते. म्हणून यंत्र बंद करायला कोणाचा हात पुढे झाला नाही.