हवे तितके दिवस राहा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं तोंडावर कौतुक करायला वाघाचं काळीज लागतं. पोहे छान झालेत म्हणावं, तर "म्हणजे एरवी होत नाहीत," असं उत्तर मिळतं. उभा जन्म पुण्याच्या पेठेत, टोमण्यांत गेला. बाई वारज्याला आल्या, कान मात्र पेठेतच राहिले. त्यात सत्तरीत त्यांनी इंग्रजीचा क्लास लावला, कारण मुलगा इंग्लंडात आणि सून तिथलीच. क्लासमधल्या मुलीनं एकदा शिकवलं, की लिहिलेल्या इंग्रजीत स्तुती जरा जास्त झाली की आत टोमणा आहे का ते बघायचं. झालं. बाईंना माहेरच सापडलं. बँकेचं पत्र माझ्यापुढे नाचवत म्हणाल्या, "आम्ही मोलाचे ग्राहक म्हणे. पेन दोरीनं बांधून ठेवतात ते."

इथवर मौज होती. मग सुनेचा मेसेज आला. तिचं पहिलं बाळंतपण महिन्यावर आलेलं, बाईंचं तिकीट काढलेलं. तुम्ही येताय हे किती अद्भुत आहे, असं लिहून तिनं पुढे लिहिलं होतं, स्टे अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू लाइक.

बाई चपला न काढताच माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "हवे तितके दिवस राहा. अहो, आपण हे पाहुण्याला कधी म्हणतो?"

"तो उठायचं नाव घेत नसला की," मी म्हणाले आणि जीभ चावली.

उत्तर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: गुडघे दुखतात, येणं जमणार नाही. अंगठा पाठवायच्या बाणावर. हा अंगठा टेकला की नातवंडाचं तोंड दिसणार ते फोनवरच, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून तर तो अजून टेकला नव्हता.

मग मी माझीच फजिती सांगितली. पंचविशीत मी टायपिस्ट होते. एका पत्राला मी अख्खी दुपार घालवली, तर साहेबांनी कडेला इंग्रजीत लिहिलं, काय हा अफाट वेग. मी धन्य. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर पेढे, पहिला साहेबांनाच.

"त्यांनी काय केलं?"

"खाल्ला. कशाबद्दल, विचारलं. मी सांगितल्यावर खिडकीबाहेर बघत दुसराही खाल्ला."

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे मीही टोमण्यावर पेढे वाटू?"

"मी विचारलं नाही हो कुणाला. तुम्ही तिलाच विचारा."

त्यांनी लिहिलेलं पुसलं, आणि एकेक अक्षर शोधत विचारलं, आर यू जोकिंग? तिकडे ती काहीतरी लिहितेय असं दिसे, मग थांबे, पुन्हा दिसे. इकडे आमच्या चहावर साय धरली. शेवटी आलं: नो. आय अ‍ॅम स्केअर्ड. प्लीज कम.

बाईंनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. "घाबरलीय हो पोर. यात कुठेच टोमणा नाही," म्हणाल्या आणि घाईघाईनं चपला शोधू लागल्या. त्या पायातच होत्या.

आता त्यांच्या दाराला कुलूप आहे. तिकडे नात झालीय. इकडे मी कुणालाही काहीही छान म्हणते आणि लोक सरळ थँक्यू म्हणतात. जेवण अळणी लागतं अगदी. काल न राहवून त्यांना लिहिलं, "तुमच्यावाचून इथे फार छान शांतता आहे. हवे तितके दिवस राहा."

लगेच उत्तर आलं, "येते हो लवकर. पोरीला जरा मान धरू दे."