वारा पडल्यावर

समुद्रात एकटा अडकलो, त्या दिवसाबद्दल मी कंपनीत कुणालाच सांगितलं नाही. मिरवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

चाकणला मी लाइन सुपरवायझर. सुट्टीत कोकणात गावी गेलो आणि काकांची शिडाची होडी हट्टाने एकटाच घेऊन निघालो. लहानपणी चालवली होती, तेवढ्याच भांडवलावर. काका किनाऱ्यावरून ओरडले, "वारो पडलो तर नांगर टाक आणि गप बस. भरतीबरोबर वारो येतलो."

दुपारी वारा पडला. शीड लोंबायला लागलं, पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत झालं. नांगर टाकून बसायचं, बस्स. पण मला बसवेना. कारखान्यात लाइन थांबून माणसं रिकामी दिसली की माझं डोकं फिरतं. शीड गुंडाळून ठेवलं आणि ओहोटीच्या विरुद्ध वल्ही मारत सुटलो. तासाभरात तळहात सोलले, प्यायचं पाणी संपलं, आणि एक वल्हं हातातून निसटून वाहून गेलं. तेव्हा कुठे नांगर टाकला आणि चाळिशीतल्या या साहेबाने रडत काकांना फोन लावला, "मला न्यायला या."

ते शेजाऱ्याची इंजिनाची होडी घेऊन आले, तोवर छान वारा सुटला होता. गुंडाळलेल्या शिडाकडे त्यांनी पाहिलं. "बसाक तुझा काय जाता?" एवढंच म्हणाले.

परतताना मला सारखे मामा आठवत होते. मामा म्हणजे आमच्या लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, लातूरकडचे. महिन्यापूर्वी चिखलीच्या वर्कशॉपमधून पार्ट वेळेत आले नाहीत आणि लाइन थांबली. मामा क्रेटवर डोळे मिटून बसले. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, बसायचा पगार मिळतो का? झाडू घ्या." जमीन सकाळीच झाडलेली होती. त्यांनी ती पुन्हा झाडली आणि मी उभा राहून बघत होतो. आता ते आठवलं की स्वतःची किळस येते.

माफी मागायची, तीही सगळ्यांसमोर, असं ठरवूनच कामावर परतलो. पहिल्याच दिवशी लाइन थांबली. मामा क्रेटवर बसले होते. मी त्यांच्याकडे निघालो. मला येताना पाहून ते लगबगीने उठले, "घेतो साहेब, घेतो," म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी झाडू उचलला.