भाकरीखाली काय हाय?

भोरला कॉलेजात गेले आणि पहिल्याच वर्षी माझं मन कशातच लागेना. जेवण जाईना, झोप येईना. खोलीवरची मैत्रीण म्हणायची, "नाटकं करतीस." आई फोनवर विचारायची, "बरी हायस न्हवं?" मी म्हणायची, "व्हय." आणि फोन ठेवून भिंतीकडं तोंड करून पडायची. मेलेलं बरं, असंसुद्धा मनात यायला लागलं होतं.

दिवाळीला हिर्डोशीला घरी गेले. आईनं माझ्याकडं नीट पाहिलं, ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "भाकरीखाली काय हाय?"

हा प्रश्न आमच्या बालवाडीतला. बाई रोज प्रत्येकाला विचारायच्या, "पोटात काय हाय?" त्यांना मनातलं हवं असायचं. आम्ही गाढवं एकजात ओरडायचो, "भाकरी!" मग त्या हसून विचारायच्या, "आन् भाकरीखाली?" तेव्हा कुणी सांगायचं, भ्या वाटतंय. कुणी सांगायचं, बा मारतो. बाई कुणालाच गप बसवायच्या नाहीत. अधूनमधून आयांनाही बोलवायच्या आणि त्यांनाही तेच विचारायच्या. आधी सगळ्या तोंडाला पदर लावून खिदळायच्या. पण आई तिथंच ऐकून घ्यायला शिकली.

"मी काय आता चार वर्षांची हाय व्हय?" मी तिच्यावर खेकसले. आणि लगेच रडत रडत सगळं सांगून टाकलं, मरणाचं धरून. वाटलं, आता ही ऊर बडवणार, नाहीतर देवऋष्याकडं नेणार. यातलं काहीच तिनं केलं नाही. माझा हात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "बरं झालं बोललीस. आता एकटीनं न्हाई सोसायचं."

सण सरल्यावर आम्ही भोरच्या सरकारी दवाखान्यात निघालो. एसटीत मागच्या सीटवर शेजारच्या वाडीतल्या काकू होत्या. "सकाळच्या पारी मायलेकी कुठं निघाल्या?" मी आईला चिमटा काढला, बाजाराला म्हण म्हणून. ती कसली ऐकते! ठणठणीत आवाजात म्हणाली, "पोरीच्या मनाला बरं न्हाई. डॉक्टरला दाखवायला चाललोय."

अख्खी गाडी वळून आमच्याकडं बघायला लागली. असा राग आला आईचा! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

थोड्या वेळानं काकू पुढं वाकल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "त्ये डॉक्टर कुठं बसत्यात वो? माझी धाकटी लई दिस झालं खोलीचं दारच उघडत न्हाई."

आई काही बोलायच्या आत मीच सरकले. म्हणाले, "या काकू, हितं बसा. आमच्यासंगंच चला."