घाटापलीकडे गेलेला आवाज

यमुनामावशीला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तिची वाचा गेली होती. अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडलेली. शेणवे गावातल्या तिच्या घरी पडवीतल्या खाटेवर ती उशीला टेकून होती आणि मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. तेवढ्यात रस्त्यावर आमच्या मिक्सर कंपनीचा जाहिरातीचा टेम्पो आला. टपावरच्या भोंग्यातून आवाज येत होता तो तिचाच... खणखणीत, हसरा. "मामा आला गो, मामा आला, सांग गो बाय त्यानं काय आनला?" मावशीनं डाव्या हातानं माझा चमचा बाजूला सारला. तिचे ओठ हलायला लागले, भोंग्याच्या जरासे मागून. टेम्पो वळणाआड गेला, आवाज विरला, तरी ओठ हलतच राहिले. चैत्र सरता सरता तिच्या नवऱ्याचा, काकांचा फोन आला, ती गेल्याचा. मला तेव्हाही आधी आठवले ते हलणारे ओठ.

मावशी धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात धवले गाणारी बाई. ती गात गात हळद लावते, देवांना आवतण देते, घरातल्या गेलेल्या माणसांनाही एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. लहानपणी मला त्या गाण्याची भीती वाटायची. मावशीनं माझ्या आजोबांचं नाव घेतलं की मी मागं वळून बघायची, खरंच आले की काय म्हणून. पण मांडवाबाहेरची मावशी निराळीच. तोंडाला पावडर लावल्याशिवाय ती बाजाराला निघायची नाही, फोटो काढताना भाच्याचा गॉगल मागून घ्यायची, आणि आपला आवाज चांगला आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी कल्याणला मिक्सर विकणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात आहे. गावोगाव गाडी फिरवायची, प्रात्यक्षिक दाखवायचं, माल खपवायचा, हे माझं काम. आमची पहिली जाहिरात मुंबईत झाली होती. गोड आवाजाची एक मुलगी सांगायची की वाटणाची कटकट संपली, आता स्वतःसाठी वेळ काढा. मुरबाडजवळ म्हसा गावच्या जत्रेत आम्ही तंबू लावला. बायका यायच्या, चटणी वाटलेली बघायच्या, बोटानं चाखायच्या आणि शेजारच्या दुकानात जाऊन घोंगड्या घ्यायच्या. मावशी माझ्यासोबत जत्रेला आली होती. ती तंबूसमोर उभी राहून पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी कारण विचारलं.

"येल काढून बाई करंल काय? शेजारीन बोलंल, हिला काम नाय. बाई सोताला काय घेत नाय गो. पन पोरीला देताना हात आखडत नाय. तिच्या मामाला सांग."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याच लग्नात मामानं दिलेली कळशी आईनं वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली होती. पण मीटिंगमध्ये सगळे वेळ, बचत, सोय असं बोलत असतात, तिथं मामा कुठून आठवणार? मावशीनं माझ्या हातातला माइक घेतला आणि जत्रेतल्या मामांना हाका मारायला सुरुवात केली. भाची सासरी जाणार, चार बायका विचारणार, तुझ्या मामानं काय दिलं? माणसं थांबली, हसली, एकमेकांना पुढं ढकलायला लागली. संध्याकाळी तंबूत एकही खोकं उरलं नव्हतं.

मग साहेबांनी तिचं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. मावशी कल्याणला आली ती लग्नाला निघाल्यासारखी, हिरवं लुगडं नेसून, नथ घालून. देवांना आणि मेलेल्यांना बोलावण्याचं गाणं मालासाठी गाणार नाही, हे तिनं आधीच सांगितलं. शब्द तिनं स्वतःचे रचले. चाल मात्र धवल्याचीच राहिली. दुसरी तिला येत नव्हती. त्या लगीनसराईत शहापूर-मुरबाडचा एकही बाजार तिच्या आवाजाशिवाय गेला नाही. एसटीत कंडक्टर तिला 'मिक्सरवाली मावशी' म्हणायचा आणि ती खूश व्हायची, अगदी लहान मुलीसारखी.

वैशाखरे गावच्या एका लग्नात तिनं धवला सुरू केला आणि मांडवातली पोरं ओरडायला लागली, मिक्सरचं गाणं म्हणा. ती मधेच थांबली. मग तेही म्हणाली. सगळे हसले, टाळ्या पडल्या.  परतल्यावर जीपमधून उतरताना मात्र म्हणाली, "आता देव येतील ते मिक्सर बघायलाच..." मी हसले. ती हसली नाही. तरी पुढच्या वर्षी रेकॉर्डिंगला पुन्हा आली, नवी नथ घालून.

ती गेल्यावर तिच्या दिवसांतच टेम्पो शेणव्यात आला. ड्रायव्हर नवा होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही अंगणात बसलो होतो. आवाज आला. शेजारची म्हातारी हौसाबाई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि रस्त्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "आलीस गो बाय?" कुणी तिला खाली बसवलं नाही. मीही मागं वळून बघितलं...

त्यानंतर आमच्या दोन्ही तालुक्यांत मिक्सर खपेना. माल तोच, जाहिरात तीच. बायका आवाज ऐकून हात जोडायच्या आणि वाट बदलायच्या. मेलेल्या बाईनं हाक मारून विकलेली वस्तू लेकीच्या रुखवतात कोण ठेवणार? आकडे बघून साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही. मावशीसाठी स्वतः हार घेऊन आला होता. खालच्या आवाजात म्हणाला, गाडी इथून काढू आणि माळशेज घाटापलीकडे पाठवू, तिथं मावशींना कुणी ओळखत नाही. घरच्यांची हरकत नाही ना, तेवढं तुम्ही विचारा.

मी काकांकडे गेले. नको म्हणाले असते तर मी तो आवाज कायमचा बंद करायला लावला असता. काकांनी एवढंच विचारलं.

"तिकडं कुनाला ठाव हाय, ती गेली त्ये?"

"नाय, काका."

"मंग जाऊ दे. तिकडं तरी जिती ऱ्हाईल."

टेम्पो घाट चढून गेला. जुन्नर, ओतूरकडच्या बाजारांत मावशी आता मामांना हाका मारते. बोली थोडी वेगळी, पण मामा तिकडेही मामाच असतो. माल खपतो. आठवड्याचा हिशेब बघताना मला तिकडची माणसं दिसतात. भोंग्यासमोर उभे राहून हसणाऱ्या त्या माणसांना वाटत असेल, ही बाई आता घरी गेली असेल, चूल पेटवत असेल.

परवा शेणव्याला गेले. स्वयंपाकघरात, मावशी पाट्यावर वाटण वाटायला बसायची त्या कोपऱ्यात आमच्या मिक्सरचं खोकं होतं. वरची पट्टी तशीच, न उघडलेली. मी विचारलं, कुणी दिलं? काका म्हणाले, ओतूरच्या बाजाराला गेलो होतो. सकाळच्या एसटीनं एकटेच गेले, टेम्पोसमोरच्या गर्दीत उभे राहिले, संध्याकाळी खोकं मांडीवर घेऊन परत आले. घरात आता ते एकटे. भाकरी आणि डाळ, एवढाच त्यांचा स्वयंपाक.

"काका, तुमाला कशाला मिक्सर?"

त्यांनी खोक्यावरची धूळ पंच्यानं पुसली.

"ती घ्या बोल्ली, मंग घेतला."