सोमवारचा पातळ सोप

हात धुवायचा लिक्विड सोप बनवणाऱ्या त्या कारखान्यात बाई एकवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होत्या, आणि एकवीसही वर्षं वैतागलेल्याच होत्या. कोणी नमुन्याची बाटली अर्धवट भरून आणली की वैताग, कोणी झाकण उघडं ठेवलं की वैताग. सोमवारी तर विचारूच नका! शनिवारची टाकी आणि सोमवारची टाकी, दोन्हींचे नमुने एकदम पुढ्यात, आणि वर साहेबांचा फोन, "बाई, झालं का?" अहो, होईल तेव्हा होईल!

सोप किती घट्ट आणि किती जड हे मोजायला त्यांच्याकडे क्वार्ट्झचा एक चिमुकला चिमटा होता, काड्यापेटीतल्या काडीएवढा. मशीन त्याला थरथरवायचं. हवेत तो मोकळा थरथरे, सोपमध्ये बुडवला की अडखळे. सोप जेवढा घट्ट, तेवढा जास्त. दोन्हींतला फरक काढून मशीन आकडा द्यायचं. म्हणून दरवेळी चिमटा स्पिरिटने धुवायचा, पाच मिनिटं टांगून वाळवायचा, हवेतला आकडा घ्यायचा आणि मगच बुडवायचा. हा नियम बाईंनीच लाल शाईत लिहून भिंतीवर डकवला होता.

गेल्या दोन सोमवारी सोप पातळ निघाला. टाकीत घट्टपणाची पावडर मिसळणारा माणूस म्हणजे बाईंचा धाकटा दीर. साहेबांकडे शब्द टाकून बाईंनीच त्याला तिथे चिकटवला होता. "रविवारची सुस्ती उतरत नाही त्याची," साहेब म्हणाले. "आणखी एकदा पातळ निघाला की नोकरी गेली समजा."

घरी बाईंनी त्याची बिनपाण्यानेच केली. "भाऊजी, पावडर नीट मोजून टाकायला काय होतं हो तुम्हाला? माझ्या अब्रूचा तरी विचार करा!"

"मोजूनच टाकतो हो, वहिनी," तो म्हणाला. "पण तुमचा आकडा तरी खोटा कसा असेल?"

तिसऱ्या सोमवारी आकडा पुन्हा पातळ. बाईंनी दातओठ खात सही ठोकली. बाराच्या आत साहेबांनी दिराला घरी पाठवलं.

जेवणानंतर साहेब खाली आले. फाइलला जोडायला त्याच बाटलीचा दुसरा आकडा हवा होता. बाईंनी चिमटा धुऊन टांगला, तेवढ्यात साहेबांनी शिस्तीवर प्रवचन सुरू केलं. दहा मिनिटं! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण साहेबांपुढे बोलणार काय? प्रवचन संपल्यावर त्यांनी हवेतला आकडा घेतला आणि चिमटा बुडवला.

सोप घट्ट. अगदी हवा तेवढा.

"हे काय आता?" साहेब म्हणाले.

"थांबा जरा." बाईंनी चिमटा पुन्हा धुतला, झटकला, आणि सकाळी केलं होतं तसंच लगेच मोजलं. सोप पातळ! त्यांनी चिमटा परत धुऊन भिंगाखाली धरला. दोन पात्यांच्या फटीत स्पिरिटचा थेंब अडकून बसला होता. त्यामुळे चिमटा हवेतच अडखळत होता, मग सोपमधला फरक मशीनला कमीच दिसणार.

कपाळ माझं! वाळवायची पाच मिनिटं. सोमवारच्या घाईत त्यांनीच ती खाल्ली होती.

"मशीन बिघडलं होतं असं लिहा," साहेब म्हणाले. "तुमचं नाव कशाला मध्ये?"

"मशीनला काय धाड भरलीय?" बाई कडाडल्या. "मशीन ठणठणीत आहे. दिवे मी लावलेत." तिन्ही सोमवारच्या कागदांवरचे आकडे त्यांनी खोडले, 'चिमटा न वाळवता मोजले' असं लिहून खाली सही केली, आणि दिराला उद्यापासून कामावर घेतल्याची चिठ्ठी साहेबांकडून तिथल्या तिथे लिहून घेतली.

घरी आल्या तर दीर स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेला. पुढ्यात वजनकाटा आणि मिठाच्या वीस-पंचवीस पुड्या. जाऊ दारात डोळे पुसत उभी.

"हे काय चाललंय, भाऊजी?"

"शंभर-शंभर ग्रॅमच्या बांधतोय आणि परत मोजतोय." त्याने मान वर केली नाही. "सगळ्या बरोबर येतायत. मग सोमवारीच माझ्या हाताला काय होतं, तेच कळत नाही. वहिनी, पावडर टाकताना तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभ्या राहाल का?"

बाईंनी साहेबांची चिठ्ठी त्याच्या पुढ्यात ठेवली. "तुमचा हात बरोबर होता, भाऊजी. मी चुकले. तिन्ही वेळा मीच चुकले."

त्याने चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. मग हात पुढे करून पुढची पुडी काट्यावर ठेवली.